पाच मुद्द्यांचं पत्र

"आज पाचपर्यंत माफीनाम्यावर सही केली नाही, तर सनद रद्द करायची तक्रार करणार आहेत," तरुण वकील मुलगी म्हणाली. तिने दोन कागद टेबलावर ठेवले.

एक तिच्या ऑफिसातल्या साहेबांच्या सहीची नोटीस. दुसरी नोटिशीला जोडून आलेली झेरॉक्स, साहेबांच्या चाळ्यांबद्दल तिनेच लिहिलेल्या पत्राची. ते पत्र तिने मोहोरबंद पाकिटातून, कायदा शिकलेल्या मुलींना आधार देणाऱ्या मंडळाकडे दिलं होतं. तिथली रीतच तशी. नव्या मुलीने अडचण लिहून द्यायची, तिला नेमून दिलेल्या ज्येष्ठ वकील ताईंनी ती वाचायची आणि मग पत्र कपाटात बंद. हे पत्र मात्र थेट साहेबांच्या हातात पडलं. नोकरी गेलीच, वर बदनामीचा ठपका.

वहिनींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. खाजगी तपास हा त्यांचा व्यवसाय. मदतीला धाकटा दीर, मनाने सोनं, डोक्याने जरा सावकाश.

"पत्रातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण, उरलेल्या तिन्हींपुढे फुली. तू केल्यास?"

"नाही. साहेबांनीच केल्या असतील."

"नोटिशीत पहिला आणि तिसरा मुद्दा, नुसत्या तारखा-वेळांचा, मान्य केलाय, बाकी साफ नाकारलेत," दीर म्हणाला. "तारीख बुधवारची."

"तुझ्या ताई काय म्हणतात?"

"सही करून टाक म्हणतात. सुरुवातीला सगळ्याच सोसतात म्हणे."

वहिनींनी दोन्ही कागद पिशवीत टाकले आणि तिघं मंडळाकडे निघाली.

मंडळाच्या ऑफिसात पत्र टाइप करणारी मैत्रीण भेटली. "एकच प्रत छापली, तीही हिनेच नेली," ती म्हणाली. साहेबांकडे मुलीची रिकामी झालेली खुर्ची आता तिलाच मिळाली होती. दिराने वहिनींकडे अर्थपूर्ण पाहिलं.

चिटणीस बाई म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. "सोमवारी बंद पाकीट ताईंना दिलं. गुरुवारी पत्र परत आलं, ते मी कुलपात ठेवलं."

त्यांनी मूळ पत्र आणलं. वहिनींनी ते खिडकीशी तिरकं धरलं. समास कोरा होता, पण पाच ठिकाणी कागद खरबरीत झाला होता.

शेवटी ताई आल्या. "मोहोर मीच फोडली. तीन दिवस पत्र माझ्या खणात कुलपात होतं, कुणाची नजर पडली नाही. पोरीनेच कुठे दाखवलं असेल."

"वहिनी, ती मैत्रीणच," दीर कुजबुजला.

"भावोजी, साप साप म्हणून भुई धोपटू नका." वहिनींनी मूळ पत्र सगळ्यांपुढे ठेवलं. "खुणा ह्याच कागदावर पेन्सिलीने केल्या, झेरॉक्स काढली आणि मग खोडल्या. मैत्रिणीकडे हा कागद नव्हताच. चिटणीस बाईंनी दिला तेव्हा पाकीट बंद होतं, आणि गुरुवारी तो परत येण्याआधी, बुधवारी, नोटीस तयार होती. मान्य तिथे बरोबर, नाकारायचं तिथे फुली, अशी खूण कोण करतं? उत्तर लिहायला बसलेला विरुद्ध बाजूचा वकील. नोटीस तंतोतंत त्याच खुणांवर बेतलीय. ताई, पोरीचं दुःख तुम्ही असं वाचलंत? हाताच्या सवयीने?"

ताईंचा आवाज चढला नाही. "साहेब मला कामं देतात. नोटीस मी नसती लिहिली तर दुसऱ्या कुणी आणखी कडक लिहिली असती. एका अर्थी मी हिला वाचवलंच."

केसाने गळा कापायचा आणि वर उपकार मोजायचे. दीर खिडकीजवळ जाऊन उभा राहिला.

चिटणीस बाई उठल्या आणि कपाटातून ताईंकडच्या मुलींची जुनी पत्रं घेऊन आल्या. मुलीने एकेक उजेडात धरलं. सात पत्रांचे समास तसेच खरबरीत होते.

"ह्या सातजणी आता कुठे आहेत?" तिने विचारलं.

"वकिली सोडली त्यांनी," चिटणीस बाई खाली बघत म्हणाल्या. "ताई सांगायच्या, लग्नं झाली."

ताईंनी पर्स उचलली. कुणी वाट दिली नाही.

मुलीने पहिल्या पत्रावरचा नंबर लावला. "तू मला ओळखत नाहीस," ती म्हणाली, "पण तुला आलेली नोटीस अजून आहे का तुझ्याकडे?"