पहिला होकार

ज्यांना पटणार नाही त्यांनी पुढे वाचू नये. यातलं बरंचसं मी एकदा शपथेवर सांगितलं आहे, तेव्हाही कुणाला पटलं नव्हतं. तरी खरं ते खरंच.

वार मंगळवार. वेळ सकाळी पावणेअकरा. बाहेर लख्ख ऊन.

जागा... उभ्या असलेल्या विमानाचं कॉकपिट.

रात्र नव्हती, वादळ नव्हतं, कुठे कुत्रंही रडत नव्हतं. असल्या गोष्टी अंधारातच घडतात असं मलाही तोवर वाटायचं.

मी सहवैमानिक होते. 'होते' हे मुद्दाम लिहिलं आहे.

कॉकपिट म्हणजे जेमतेम स्वयंपाकाच्या ओट्याएवढी जागा. पुढे दोन खुर्च्या. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे मी. आमच्या मागे भिंतीला एक घडीची खुर्ची असते, तपासणीला कुणी आलं तर बसायला. त्या दिवशी ती मिटलेलीच होती.

कॅप्टनना आम्ही पाठीमागे 'मास्तर' म्हणायचो. तीस वर्षं विमान चालवलं, पण बोलणं वर्गातलं. त्यांचा एक नियम होता. काही ठरवायचं असेल तर सगळ्यात नवख्यानं आधी बोलायचं, आणि कॅप्टननं सगळ्यात शेवटी.

"मी आधी तोंड उघडलं की तुम्ही सगळे माझीच री ओढणार," ते म्हणायचे.

नियम चांगलाच होता. मी आजही त्याला नावं ठेवत नाही.

त्या दिवशी नवखी मीच होते.

केबिनची प्रमुख होती अक्का. बावीस वर्षं नोकरी झालेली, सगळ्यांना धाकात ठेवणारी, आणि नकला करण्यात पटाईत. मास्तरांची करायची, मोठ्या साहेबांची करायची, माझी तर माझ्यासमोरच करायची. डोळे मिटले असते तर मीही फसले असते.

चौथा मिस्त्री. म्हणजे जमिनीवरचा इंजिनिअर. त्याच्या सहीशिवाय विमान जागचं हलत नाही.

सव्वादहाला अक्का पुढे आली.

"मागे जळकट वास येतोय. शेवटच्या रांगांच्या वर, छतातून. वायर तापल्यासारखा."

मिस्त्री जाऊन आला. नाक लावून आला, हात लावून आला.

"आता तर काहीच येत नाहीये. ओव्हनचा असेल."

"ओव्हन अजून लावलेलाच नाही," अक्का म्हणाली.

"मग कालचा असेल."

आधीच पन्नास मिनिटं उशीर झाला होता. प्रवासी कुरकुरत होते. छत उघडून बघायचं तर सगळ्यांना खाली उतरवावं लागणार, म्हणजे आणखी दोन तास गेले. प्रत्येकालाच निघायचं होतं. फक्त ते आधी दुसऱ्यानं म्हणावं, एवढीच प्रत्येकाची इच्छा होती.

मास्तरांनी दार ओढून घेतलं. आम्ही चौघंच आत; अक्का आणि मिस्त्री आमच्या खुर्च्यांमागे उभे.

"बोला. नवखा आधी."

माझं ठरलं होतं. 'थांबू या, छत उघडून बघू या.' एवढं एक वाक्य. वाक्य तयार होतं.

मी श्वास घेतला. तोंड उघडलं...

"काही हरकत नाही. निघू या."

बाईचा आवाज. शांत. माझ्या अगदी मागून.

मला वाटलं, अक्का बोलली.

मी मान वळवायच्या आत मिस्त्री म्हणाला, "माझीही हरकत नाही."

अक्का जरा थांबली. मग म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणताय तर."

मास्तरांनी समोरच्या घड्याळाकडे बघतच मान डोलावली. "एकमत."

आणि मी...

मी काहीच बोलले नाही.

सगळ्यांचं ठरून गेलं होतं. आता मी एकटीनं मोडता कसा घालायचा, असं वाटलं. मिस्त्रीनं सही केली आणि काढता पाय घेतला. दार लागलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही. एवढं पाप माझं आहे. ते मी कुठल्याही भुतावर ढकलणार नाही.

उड्डाणानंतर सतराव्या मिनिटाला मागच्या छतातून धूर यायला लागला.

आम्ही परत फिरलो. उतरलो. घसरगुंड्या उघडल्या, एकशे बेचाळीस माणसं खाली गेली. अक्का शेवटपर्यंत आत थांबली, कारण ते तिचं कामच होतं. बाकी कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. अक्काच्या छातीत मात्र इतका धूर गेला की डॉक्टर म्हणाले, आता ही कधी उडायची नाही.

मग चौकशी लागली.

चौघांचे जबाब वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खोल्यांत घेतले. एकच प्रश्न सगळ्यांना होता. निघू या असं आधी कोण म्हणालं?

मी लिहिलं, केबिन प्रमुख.

मिस्त्रीनं लिहिलं, सहवैमानिक.

मास्तरांनी लिहिलं, सहवैमानिक.

अक्कानं दवाखान्यातून लिहून पाठवलं... सहवैमानिक.

तिघं एक झाली, दुसरं काय. नवखीच्या डोक्यावर खापर फोडलं की बाकीचे मोकळे. मी चिडून आठवडाभर कुणाचा फोन घेतला नाही.

मग मला रेकॉर्डिंग ऐकवलं. कॉकपिटमधला शब्द न् शब्द रेकॉर्ड होत असतो.

लांब टेबल. पाण्याचा जग. समितीचे तीन साहेब. कोपऱ्यात टाइप करणाऱ्या एक बाई.

आधी मास्तर. "बोला. नवखा आधी."

मग...

माझा आवाज.

माझ्यासारखा नाही. माझाच. बोलायच्या आधी मी जीभ टाळूला लावून बारीक 'च्' करते. नवरा त्यावरून मला चिडवतो. ते 'च्'सुद्धा त्यात होतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"काही हरकत नाही?" तो म्हणाला. "लग्नाला दहा वर्षं झाली, हे शब्द मी तुझ्या तोंडून ऐकले नाहीत."

मी हसले नाही, तसा तोही गंभीर झाला. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "पण नक्की बोलली नव्हतीस ना? ताणात असलं की माणूस विसरतं."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी हा विषय काढला नाही.

आता एकच उत्तर उरलं होतं. अक्का आणि तिच्या नकला. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

मी दवाखान्यात गेले. नाकात नळी होती. गाल बसले होते. तरी मी विचारलंच.

"अक्का, खरं सांग. माझी नक्कल केलीस?"

तिनं उलट मलाच विचारलं.

"जळकट वास येतोय असं कोण म्हणालं होतं गं?"

"तू."

"मग निघू या असं मीच कशाला म्हणेन?" तिला दम लागला. ती थांबली. "मी थांबा म्हणणार होते. पण तू हो म्हणालीस. मला वाटलं, ही वैमानिक, हिला काहीतरी जास्त कळत असेल."

"मी नाही बोलले, अक्का."

"आवाज तुझा होता."

"तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस का?"

"तुझी पाठ होती माझ्याकडे." तिनं डोळे मिटले. "जा आता. बोलून दमायला होतं."

मी निघाले. तिच्यावर निम्मा विश्वास बसला होता. निम्मा नव्हता.

पुढच्या आठवड्यात कागद न्यायला चौकशीच्या ऑफिसात गेले होते. कॉरिडॉरमध्ये चहाच्या मशीनपाशी एकानं मला गाठलं. रेकॉर्डिंग साफ करून देणारा तंत्रज्ञ होता. इकडेतिकडे बघून म्हणाला, "मॅडम, एक विचारू? त्या घडीच्या खुर्चीवर कोण बसलं होतं?"

"कुणीच नाही."

"नक्की?"

"खुर्ची उघडलेलीच नव्हती."

मग त्यानं सांगितलं. कॉकपिटमध्ये चार माइक असतात. एक कॅप्टनचा, एक सहवैमानिकाचा, एक त्या घडीच्या खुर्चीचा, आणि एक छतात. चारही वेगवेगळे ऐकता येतात.

"तुमच्या माइकवर त्या क्षणी नुसता श्वास आहे. आत घेतलेला. माणूस बोलायच्या आधी घेतो तसा. बोलणं नाहीच."

"मग ते वाक्य?"

"खुर्चीच्या माइकवर."

"अक्का तिथेच उभी होती," मी म्हणाले.

"हो. पण छताच्या माइकवर अक्का त्याच वेळी खोकतायत. खोकता खोकता इतकं शांत कोण बोलेल?"

माझ्या हातातला कप मी मशीनवर ठेवला.

"आणि अजून एक," तो म्हणाला. "बोलून झाल्यावर माणूस श्वास घेतो. तिथे..."

"तिथे काय?"

"काहीच नाही."

मी विचारलं, हे अहवालात लिहिलं आहे का. तो आपल्या चहाकडे बघायला लागला.

"ऐकायला आम्ही पाच जण होतो. चौघं म्हणाले, माइकची गडबड असेल. मग मीही सही केली."

शेवटच्या सुनावणीला दुपारचे तीन वाजले होते. तीच खोली, तेच टेबल. मिस्त्री माझ्या शेजारी. मास्तर समोर. अक्काचा जबाब कागदावर.

मला विचारणार काय, ते माहीत होतं. आवाज माझा आहे असं कबूल केलं, तर मी शपथेवर खोटं लिहिलं असं होणार. परवाना जाणार. अक्काच्या छातीतला धूरही माझ्याच नावावर लागणार. म्हणून मी 'नाही' म्हणणार होते, आणि चारही माइक सगळ्यांसमोर एकेक करून ऐकवा म्हणणार होते.

साहेबांनी विचारलं, "रेकॉर्डिंगमधला आवाज तुमचा आहे?"

मी श्वास घेतला. तोंड उघडलं...

"हो. माझाच."

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं चालायला लागली.

पण या वेळी मी गप्प बसले नाही.

"हे मी नाही बोलले."

साहेबांनी चष्मा काढला. "आत्ताच तर म्हणालात."

"माझ्या तोंडाकडे कुणी बघत होतं का?"

साहेब कागदात बघत होते, मिस्त्री खाली. एकटे मास्तर... एकटे मास्तर माझ्याकडे टक लावून बघत होते.

साहेबांनी मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "हो म्हणाल्या, साहेब. मी ऐकलं."

"तुम्ही, कॅप्टन?"

मी तेव्हा त्या बाईंकडे वळले होते. 'ते खोडा, ते मी बोलले नाही' असं सांगत होते. बोटं थांबेनात. तेवढ्यात मास्तरांचा आवाज आला.

"मान्य. एकमत."

झालं. खुर्च्या सरकल्या. सगळे उठले.

परवाना गेला. मिस्त्रीची बदली झाली. मास्तर सन्मानानं निवृत्त झाले.

पाच महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. फोन वाजला. मास्तर होते. तब्येत वगैरे काही विचारलं नाही.

"तुझे ओठ हलले नव्हते," ते म्हणाले. "मी बघत होतो."

मी ओले कपडे तसेच धरून खाली बसले.

"मग सर, तिथे का नाही बोललात?"

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"बोलणार होतो. तोंड उघडलं होतं. पण माझ्या आधीच कुणीतरी 'मान्य' म्हणालं. माझ्या आवाजात. मला वाटलं आता... सगळे उठलेच होते. मी एकटा काय म्हणणार?"

या जगात त्यांच्यावर विश्वास ठेवू शकेल असं एकच माणूस होतं. ते म्हणजे मी. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, तर त्यांचा निरोप समारंभ. गळ्यात हार घातलेला फोटो. यांचं काहीच गेलं नाही, आणि आता माझीच गोष्ट मला ऐकवून हात झटकतायत. मी रागावले.

"सर, मी तिथेच होते," मी म्हणाले. "आवाज तुमचाच होता."

ते "बरं" म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी उठले. कपडे दोरीवर टाकले. तिसरा की चौथा चिमटा लावताना माझ्या लक्षात आलं, मी काय बोलले ते. ते मीच बोलले होते. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

लगेच फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

आज दीड वर्ष झालं. अधूनमधून लावते. रिंग जात राहते. मला त्यांना फार काही सांगायचं नाही. एवढंच सांगायचं आहे, की तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते.