ओला घागरा

दिवेआगरला गुणाजी हवालदाराची पोफळीची लहानशी वाडी होती. मेसापोटेमियाच्या लढाईतून परतल्यावर बंदूक विसरून त्याने रहाट धरला. सकाळी बैल जुंपायचा, पाटाने पाणी सोडायचं, दुपारी ओटीवर बसून सुपारी सोलायची. घरात तो आणि त्याच्या धाकट्या भावाची, बुधाजीची, बायको केसर.

बुधाजी त्याच लढाईत नाहीसा झाला. एका धुक्याच्या पहाटे नदीवरून पाणी आणतो म्हणून खंदकातून बाहेर पडला, तो आलाच नाही. सरकारने त्याला बेपत्ता ठरवलं आणि दहा वर्षं केसरच्या कपाळावर कुंकू राहिलं. माणगावचे तिचे भाऊ तिचं दुसरं लग्न लावायला तयार होते. ती एवढंच म्हणायची, "दादांनी सांगावं, ते हायेत का न्हाईत." गुणाजी उठून रहाटाकडे जायचा.

एकोणीसशे सव्वीस सालच्या थंडीत रेवदंड्याचा रशीद तांडेल बसऱ्याहून खजूर घेऊन परतला. मुंबईला जाण्याआधी त्याने गलबत दिवेआगरला लावलं आणि एक बोचकं गुणाजीच्या ओटीवर ठेवलं.

"हवालदार, घागरा पलटणीच्या शेजारी राहिलात ना तुम्ही? हा कुणाचा ते सांगा."

आत स्कॉटलंडच्या गोऱ्या डोंगरी शिपायांचा, पुरुषांनी नेसायचा, चुण्यांचा, चौकड्यांचा लोकरी घागरा होता. चिंब भिजलेला.

"बसऱ्याच्या बाजारात जुन्या कपड्यांचा गठ्ठा घेतला, खलाश्यांना पांघरायला," रशीद म्हणाला. "बाकी सगळं वाळलं. हा डोलकाठीला टांगला. उन्हानं शिडं कडकडीत झाली, हा ओलाच. आता माझी माणसं त्याच्या खाली बसत नाहीत. पलटण कळली, तर मुंबईला त्यांच्या हवाली करीन."

"जाड लोकर, त्यात खारी हवा. वाळंल कशी?" गुणाजी हसला. त्याने घागरा दाबून ओलं बोट जिभेला लावलं. मीठ नव्हतं. पाणी गोडं होतं, किंचित गाळाच्या चवीचं. लढाईतल्या नदीच्या पाण्याची ती चव त्याला ओळखीची वाटली आणि त्याचं हसू मावळलं.

त्याने घागरा उन्हात पसरला, चुण्या उलगडल्या.

"गडद हिरवा-निळा चौकडा बऱ्याच जणांचा असतो. रेघ पाहायची. मुळीच रेघ न्हाय तो ब्लॅक वॉच पलटणीचा. पिवळी असली तर गॉर्डन. ही बघा, एक पांढरी, एक लाल. सीफोर्थ पलटण, रशीदभाई. वाळू दे इथं. उद्या न्या."

रशीद घाईने निघाला, मागे वळूनही पाहिलं नाही.

केसरने दोन पोफळींना दोरी बांधून घागरा वाळत घातला. दुपार कलली तरी त्याच्या चुण्यांतून थेंब पडत होते. रहाट थांबलेला होता, पाट कोरडा होता, आणि दोरीखालची माती तेवढी काळी होत चालली होती.

ओटीच्या खांबाला टेकून केसर सुपात तांदूळ निवडत होती. निवडता निवडता गुणगुणत होती. सूर संथ होता, पुढे जाऊन पुन्हा पहिल्या जागी येत होता. गुणाजीचा हात सुपारीवर थांबला. नदीकाठी गोरे आपली माणसं पुरायचे तेव्हा त्यांचा पिशवीबाजावाला काखेतल्या पिशवीत हवा फुंकून हेच वाजवायचा. त्या धुक्याच्या पहाटेही पलीकडून हेच ऐकू येत होतं. घरी त्याने हा सूर कधीच काढला नव्हता.

"केसर, हे कुठं ऐकलंस?"

"तो वाजवतोय ना," ती वाडीकडे पाहत म्हणाली.

गुणाजीला पोफळीची खोडं दिसली, उन्हाचे कवडसे दिसले, दोरीवरचा घागरा दिसला. बाकी काही नाही. तो पहाऱ्यावरच्या शिपायासारखा हळू आवाजात विचारू लागला.

"डोक्याला काय हाय?"

"होडीवाणी टोपी. मागं काळ्या फिती लोंबतायत."

"पोटावर?"

"पांढऱ्या केसांचा बटवा. त्याला दोन काळे गोंडे."

ब्लॅक वॉचच्या बटव्याला पाच असतात. दोन लांब काळे गोंडे सीफोर्थचे. रशीदच्या बोचक्यात ना टोपी होती ना बटवा.

"काखंत?"

"पिशवी. लेकरू धरल्यावाणी धरलीय."

पलटण पटली होती. विचारायचं काही उरलं नव्हतं. तरी त्याने विचारलं.

"एकटाच हाय?"

सूप थांबलं.

"न्हाय. त्याच्या मागं आणखी एक उभा हाय. ऐकतोय."

"त्याच्या अंगावर काय हाय?"

"काय बी न्हाय. पाणी निथळतंय. कुडकुडतोय."

"तोंड दिसतं?"

केसरने सूप खाली ठेवलं. मग तिने पदराचा शेव ओठांवर दाबला.

"दिसतं."

गुणाजी उठला. आत जाऊन त्याने पेटीतला आपला फौजेतला जाड कोट काढला आणि वाडीत गेला. दोरीपलीकडे पाऊल टाकताच नदीकाठचा तो गारठा पोटऱ्यांना लागला. तिथल्या फणसाच्या एका खालच्या फांदीवर त्याने कोट उघडा टाकला आणि मागे न पाहता परत आला.

त्या संध्याकाळी केसरने स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं. "भावांना निरोप धाडा, दादा. मी येते म्हणावं."

सकाळी रशीद आला तेव्हा घागरा खडखडीत वाळला होता. "उगाच घाबरलो," असं म्हणत त्याने तो घडी करून नेला. चार दिवसांनी माणगावहून भाऊ आले आणि केसर त्यांच्याबरोबर गेली. जाताना तिने वाडीकडे पाहिलं नाही.

बैलगाडी दिसेनाशी झाल्यावर गुणाजी कोट आणायला गेला. कोट फांदीवरच होता. पण त्याची कॉलर वर उचललेली होती आणि सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती.

त्याने अस्तराखाली हात घातला. आतून कोट ओला होता, आणि अजून उबदार होता.