अकरा ते चार लाईन बंद

“लाईन तर चालू हाय की, मॅडम.”

अक्रम मुलाणी माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. असल्या वाक्यावर कुणाचं प्रेम बसतं का? माझं तर डोकंच फिरलं.

२००८ची दिवाळी नुकतीच उलटली होती. शिरूरच्या बसस्टँडमागे आमची तीन मजली बिल्डिंग, गच्चीच्या खालीच आमचा फ्लॅट. मला पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं होतं. विम्याचे फॉर्म कॉम्प्युटरवर तपासायचे, सकाळी अकरा ते चार ऑनलाईन राहायचं. महिनाभर काम बघणार, मग कायम करणार. आमच्या तांबोळ्यांच्या घरात नोकरी करणारी पहिली मुलगी मी. आणि रोज अकरा वाजले की मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, लुकलुकायचा... आणि विझायचा. चार वाजून गेले की आपला आपण पेटायचा.

“अकराला तक्रार केली, आन् तुम्ही पाचला उगवताय!”

“सकाळी मांडवगण फराट्याला असतो. तिकडचं उरकून येतो.”

“मग मी काय खोटं बोलते?”

“मी कुठं तसं म्हणलो?”

“तोंडावर लिहिलंय तुमच्या.”

त्याने खिशातून रुमाल काढला आणि शांतपणे तोंड पुसलं. “आता बघा, गेलं का?”

आत बाळंतपणाला आलेली माझी बहीण, मेहकआपा, बाळाला मांडीवर घेऊन फिदीफिदी हसली. मी आणखीच भडकले.

त्या आठवड्यात तो तीनदा आला. एकदा मोडेमची वायर बदलली, एकदा भिंतीवरचा डबा बदलला. प्रत्येक वेळी पाच वाजता, प्रत्येक वेळी लाईन चालू! वहीत लिहायचा, ‘तपासली, ठीक आहे.’ अम्मी त्याला चहा द्यायची, तो बशीत ओतून फुंकत प्यायचा आणि बाळाला बोट धरायला द्यायचा. त्याच्या पापण्या लांब होत्या. त्या माझ्या लक्षात आल्या, याचाही मला राग आला.

मग पुण्याहून फोन आला. सोमवारपर्यंत लाईन नीट झाली नाही तर दुसरी मुलगी घेऊ. मी तशीच उठले, नेटवाल्या कंपनीच्या ऑफिसात गेले आणि लेखी तक्रार दिली. ‘माणूस कामचुकार आहे. बदलून द्यावा.’ खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना बेल वाजली. दारात अक्रम.

“आज सुट्टी हाय माझी. म्हणलं, अकराला नक्की काय होतंय ते बघूच.”

त्याच्या डोळ्यांदेखत दिवा लुकलुकला आणि गेला. खिडकीतून बाहेर गेलेली तार कुठे जाते ते त्याने पाहिलं आणि जिना चढून तो गच्चीवर गेला. मी मागोमाग, तोंडाचा पट्टा चालूच. “आता तरी पटलं? आता तरी...”



पाण्याच्या टाकीपासून भिंतीपर्यंत ओढलेल्या काळ्या तारेवर एक भलीमोठी ओली गोधडी लोंबत होती. टपटप गळत होती. आमचीच. बाळ ती रात्रभर भिजवायचं आणि रोज साडेदहाला धुऊन मी ती वाळत घालायचे... मीच! गच्चीवरची दोरी शेजारच्या सरूबाईंनी अडवलेली, आणि ही तार मला जुन्या केबलची वाटली होती. ती निघाली आमच्या नेटचीच; गोधडीच्या ओझ्याने हळूहळू ताणली जायची आणि अकरापर्यंत जॉइंट सुटायचा. चारला गोधडी वाळली की काढायचेही मीच.

“खाली जाऊन दिवा बघा,” अक्रम म्हणाला. मी धावत खाली गेले.

त्याने वरून गोधडी उचलली. “आता?”

“आला!”

“आता?”

“गेला!”

“आता?”

“आला... ठेवा की ती खाली एकदाची!”

सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. मी परत वर गेले तेव्हा तो टाकीला टेकून उभा होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

“हसू नका!”

“न्हाई हसत.”

“हसताय!” आणि मग मला आठवलं. “ऐका... मी काल तुमच्याविरुद्ध—”

“ठाऊक हाय. सोमवारपासनं दौंडला बदली. आन् तक्रारीचा शेरा पडला की कंत्राट वाढत न्हाई.”

“तरी आलात?”

“तुमची लाईन बंद होती न्हवं?”

असं साध्या आवाजात बोलणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

चारला काम संपलं तशी ओढणी घेतली आणि ऑफिस गाठलं. तिथल्या शंकरराव साहेबांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. अक्रमचं अक्षर. ‘जॉइंट माझ्या हातून सैल राहिला. चूक माझी.’ आणि तो बाजूलाच उभा, मान खाली.

“हे काय लिहिलंय?” माझा आवाज चढला.

“हळू बोला. गोधडीचं लिहिलं तर कनेक्शन कापतात, नियम हाय. मग तुमचं काम...”

“माझ्या कामाची काळजी तुम्हाला कुणी सांगितली? माझी गोधडी, माझा गुन्हा! तुम्ही कोण ओ मधी पडणारे?”

“कोणच न्हाई...” तो पुटपुटला. “अजून तरी.”

माझे कान तापले. मी साहेबांच्या हातातलं पेन जवळजवळ हिसकावलं आणि माझ्याच तक्रारीखाली लिहिलं, ‘बिघाडाचे कारण: ओली गोधडी. वाळत घालणारी: तहमीना तांबोळी. माणूस चांगला आहे.’ शेवटची ओळ खोडावी असं वाटलं, पण खोडली नाही.

साहेबांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला. “एवढं भांडून एकमेकांचा गुन्हा अंगावर घेणारी माणसं मी तरी न्हाई पाहिली.”

शेरा पुसला गेला. माझं कनेक्शन मात्र आठ दिवस बंद राहिलं. ते दिवस मी बाजारातल्या नेट कॅफेत, गेम खेळणाऱ्या पोरांच्या आरडाओरड्यात काढले, पण काम टिकवलं. दौंडची ऑर्डर निघाली होती, तिथे माणूस कमी होता. अक्रमला जावंच लागलं.

मग रोज अकराला आमचा फोन वाजायला लागला.

“काही तक्रार, मॅडम?”

“न्हाई.”

“लाईन चालू हाय?”

“हाय.”

मग दोघंही गप्प. मागे दौंडच्या रेल्वेचा भोंगा ऐकू यायचा. फोन मात्र कुणी ठेवायचं नाही.

एक दिवस अकराला फोन आला नाही. सव्वाअकरा... साडेअकरा... मी मोडेम पाहिला, फोन उचलून पाहिला, गच्चीवर जाऊन तारही पाहून आले. सगळं ठीक. आणि मला रडू येत होतं. साडेबाराला फोनची घंटी वाजली.

“कुठं होतात?” मी ओरडलेच.

“वरवंडला, खांबावर. तिकडं वायर—”

“मला काय करायचीय वायर! दीड तास... दीड तास मी इथं...”



“तहमीना,” पहिल्यांदाच नाव घेतलं त्याने. “तक्रार लिहून घेऊ?”

“घ्या.”

“बोला.”

“एका फोनवर भागत न्हाई माझं. तुम्ही मला आवडता. आन् त्याचा मला भयंकर राग येतो.”

त्याचा श्वास ऐकू आला. मग हळूच म्हणाला, “नोंद झाली... कवा येऊ?”

“रविवारी. तुमच्या अम्मींना घेऊन. अकराला म्हंजी अकराला. पाचला उगवलात तर दार उघडणार न्हाई.”

रविवारी तो साडेदहालाच आला. त्याची अम्मी खाली माझ्या अम्मीपाशी बसली आणि तो थेट गच्चीवर. मी घरातल्याच कपड्यांत, हात कोपरापर्यंत ओले, पुढे तीच गोधडी.

“अकरा सांगितलं होतं!” मी तडकले.

त्याने बाह्या सारल्या आणि गोधडीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी मिळून ती पिळली आणि सरूबाईंचे कपडे सरकवून दोरीवर टाकली.