नत्रकोठी

"रेवा, डबा घेऊन जा. तुझ्या त्या फुप्फुसांच्या पुस्तकात मेथीचे पराठे वर्ज्य आहेत का?" प्रयोगशाळेत कांदा चिरता चिरता शरयूताई बोरस्ते लेकीवर खेकसल्या.

"संध्याकाळी नेते गं."

"संध्याकाळी चामड्याचे होतील."

मग त्या नवा नमुना आणायला नत्रकोठीकडे गेल्या. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून नाशिकजवळच्या या कोठारात प्राणवायू काढून नायट्रोजन भरत. आत जाण्याआधी ताजी हवा खेळवली की दारावर हिरवा दिवा लागे. त्या दिवशीही लागला होता. पंखा फिरला, एवढंच त्या दिव्याला कळे. नायट्रोजनची झडप गळत होती, हे कळत नव्हतं. आत प्राणवायू मोजणारा प्राणमापक नव्हताच. निष्क्रिय वायूला नियमानं तो लागत नाही, असं कंपनीचं म्हणणं.

त्यांच्या मृत्यूची चौकशी कंपनीच्या विदागारात, म्हणजे डेटा सेंटरमध्ये, बसली, कारण कोठीतलं चित्रण तिथंच होतं. कोठ्यांचे तंत्रप्रमुख कोठावदे यांनी ते पडद्यावर लावलं. शरयूताई चालता चालता थांबल्या, क्रेटवर टेकल्या आणि अलगद कलंडल्या.

"पाहा, न्यायमूर्ती. बाईंनी गळ्याला हातसुद्धा लावला नाही. गुदमरलेला माणूस धडपडतो. हे हृदय बंद पडलं." कोठावद्यांनी फाइल मिटली. "बाकीच्या कोठ्या सोमवारी उघडायच्यात. माणसं खोळंबलीत."

रेवा श्वसनशास्त्र शिकवायची. वर्गात बोलावं तसंच ती बोलली. "गुदमरल्याची जाणीव प्राणवायू संपल्यानं होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की होते. नायट्रोजनमध्ये तो उच्छ्वासावाटे बाहेर पडत राहतो. शरीराला पत्ता लागत नाही."

"अहो, नायट्रोजन विषारी आहे का? आत्तासुद्धा आपण तोच घेतोय."

"निष्क्रिय म्हणजे तो सहसा कशाशी संयोग करत नाही. प्राणवायूची जागा अडवायला त्याला काही करावंच लागत नाही."

न्यायमूर्ती देवरेबाई म्हणाल्या, "पटतंय. पण शिकल्यासवरल्या माणसाला काहीच जाणवणार नाही?"

"कोठावदे साहेब, या खोलीत प्राणवायू किती आहे?"

"एकवीस टक्के. बाहेर आहे तेवढाच."

रेवाने पर्समधून प्राणमापक काढून टेबलावर ठेवला. आकडा पंधरावर स्थिर होता.

"यंत्रांना आग लागू नये म्हणून तुमच्याच कंपनीनं इथं नायट्रोजन वाढवलाय. पंधरा टक्क्यांवर काडी पेटत नाही; माणूस तासभर बसू शकतो. तुम्ही बसलात, भांडलात, चहा प्यायलात. काही जाणवलं?"

कोठावद्यांनी नकळत कॉलर सैल केली.

"आत्ता नका करू तसं," रेवा म्हणाली. "आकडा पाहेपर्यंत ठीक होतात."

देवरेबाईंनी शिपायाला दार उघडायला सांगितलं. "रेवाताई, नोंदीत काय लिहायचं?"

गेले चार महिने भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला रेवा एकच वाक्य सांगत आली होती: आई गेली. तिने कोठावद्यांकडे पाहिलं. आवाज चढला नाही.

"आई गेली नाही. तुम्ही मारलंत तिला."