वाढत्या अंगाचं माप

चौसाळ्याला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाला लागून फकीरमामू पटवेकऱ्याची एवढीशी खोली होती. जुने दागिने गाठायचे, मोती पारखायचे, मोल सांगायचं, हे त्याचं काम. भिंतीवर खिळ्यांना दोऱ्यांचे झुबके लोंबत. एकेक दोरा म्हणजे कुणाचा तरी गळा. बायकांचं माप मामूची बायको अजमतबी घ्यायची. लहान पोर असली की मापापुढं दोन बोटं जागा सोडायची आणि तिथं, मापाच्या दोऱ्यावर आणि दागिना बांधायच्या रेशमी गोफावरही, हिरव्या रेशमाची गाठ मारायची. टोक ओठांत ओलं करायची, म्हणायची, "वाढत्या अंगाची हाय."

अजमतबीला जाऊन दोन वर्षं झाली होती. हिरवं रेशीम तिच्यामागं संपलं, ते मामूनं परत आणलंच नाही.

शुक्रवारी ऊन चढल्यावर तुळजाबाई आली. पदराची गाठ सोडून तिनं मोत्यांची चिंचपेटी गादीवर ठेवली.

"मोडायची हाय, मामू. पोरगा बजरंग मला कड्याला नेतोय, कारखान्याच्या कॉलनीत. म्हनतो, गेलेल्या मान्साचं नव्या घरात नको. पन नंदूचं एवढंच ऱ्हायलंय माझ्यापाशी."

नंदू म्हणजे तिची लेक, राजनंदिनी. सात वर्षांमागं तापानं गेली, अकराव्या वर्षी. चिंचपेटी तुळजाबाईच्या आईची. मामाच्या लग्नात नंदूनं घालावी म्हणून अजमतबीनंच ती पोरीच्या गळ्याजोगी गाठून दिली होती. पोरीनं ती एकच दिवस घातली.

मामूनं एक मोती दातावर घासला.

"खाऊ नका बरं," तुळजाबाई म्हणाली. हसली, पण ते हसू ओठावरच वाळलं.

दाताखाली कचकच लागली. अस्सल. भिंग लावून त्यानं छिद्रं पाहिली. जुन्या हातानं पाडलेली, बसऱ्याचा माल. मग तो थांबला. पेटीत पडून राहिलेला मोती पिवळा पडतो, खडूसारखा सुकतो. हे मोती नुकतंच तोंड धुतलेल्या पोरीच्या गालासारखे होते. आणि ऊबदार होते.

पदरात होते म्हणून असतील. त्यानं ते पितळेच्या पारड्यात घालून पंख्याखाली ठेवले. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक गेल्या. त्यानं पुन्हा बोट लावलं. ऊब तशीच होती.

"कोन घालतं ही?"

"कोन घालनार? ट्रंकेत होती. किल्ली माझ्या गळ्यात."

"बाई, पस्तीस वर्षं हेच करतोय. गळ्याबिगर मोत्यावर असं पानी ऱ्हात न्हाई. सून घालत असंल, तुमच्या चोरून."

"सून? बजरंगाचं लगीन तरी होऊ द्या आधी."

मोल सांगण्याआधी जुना गोफ कापून टाकायचा, दोऱ्याचं वजन मोत्यात धरायचं नाही, ही त्याची रीत. बोलता बोलताच कात्री चालली.

तुळजाबाईचा हात स्वतःच्याच गळ्याकडं गेला.

"तोडला?"

कापलेला गोफ मामूच्या तळहातावर होता. गळ्यामागं बांधताना गाठ बसते तिथं रेशीम दबतं, घामानं काळवंडतं. एका दिवसाची एक पुसट खूण असायला हवी होती. त्यानं मोजल्या. आठ होत्या. गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरानं, एकीपुढं एक.

त्यानं खिळ्यावरून नंदूच्या मापाचा दोरा काढला आणि गोफाशेजारी धरला. पहिली खूण तंतोतंत मापावर होती. आठवी पुढं सरकत सरकत हिरव्या गाठीला टेकली होती. पुढं जागाच उरली नव्हती.

तुळजाबाईनं पहिल्या खुणेवर बोट ठेवलं. "अकरा." मग पुढच्या. "बारा... तेरा..." अठराला बोट हिरव्या गाठीशी अडलं.

"मोठी झाली, मामू," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, तिथंच हाय. अकराचीच."

 मामूनं पारड्यातल्या मोत्यांना हात लावला. आता गार होते, ज्वारीच्या दाण्यांसारखे मिटलेले.

"मोडायची न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "गाठून द्या. बजरंगाला काय सांगायचं ते मी सांगंन. पन तिला कळंल का हो, हा दोरा आपलाच हाय म्हनून?"

त्यानं नवा तांबडा गोफ घातला. लांब, कोरा. गाठ मारली नाही. अजान झाली तशी चिंचपेटी खणात ठेवून त्यानं खणाला कुलूप लावलं, दाराला लावलं आणि नमाजला गेला. तुळजाबाई पायरीवर बसून राहिली, गुणगुणत:

मोत्याची चिंचपेटी बाई गळ्याला रुतली,
वाढत्या अंगाची लेक, माय मापाला चुकली.

तो परतला तेव्हा ती तशीच बसली होती, ओवी संपली होती. त्यानं दार उघडलं. खण उघडला.

मोती ऊबदार होते.

तांबड्या गोफावर एक खूण होती, घामानं काळवंडलेली. जुन्या मापाशी लावून पाहिली. हिरव्या गाठीच्या एक दाणा पुढं.

त्या खुणेपासून मामूनं गोफावर दोन बोटं ठेवली. बोटं संपली तिथं हिरव्या रेशमाची बारीक गाठ होती.

तिचं टोक अजून ओलं होतं.