एकाच नावाची दोन वायफाय

"थांब! त्यावर बोट ठेवलंस तर याद राख!" शंका जवळजवळ किंचाळलीच.

भुंग्याचे बोट मोबाइलवर अधांतरी राहिले. "अगं ताई, फुकटचं वायफाय समोर हात जोडून उभं आहे, आणि तू..."

डोळ्यांच्या दवाखान्यात तीन भावंडे बाकावर बसली होती. प्रत्येक गोष्टीत शंका काढते म्हणून तिचे नाव शंका, आणि अखंड गुणगुणतो म्हणून धाकटा भाऊ भुंगा. सुट्टीत मावशीकडे आलेली ही दोघे मावसभावाबरोबर, म्हणजे दादाबरोबर, संगणक-सुरक्षेच्या प्राथमिक परीक्षेचा अभ्यास करत होती. मावशी याच दवाखान्याचे नेटवर्क सांभाळत असे. पण आठवडाभर तिच्या तोंडचे पाणी पळाले होते. संगणकांवरचे रुग्णांचे अहवाल भर कामात दिसेनासे होत. मोठ्या डॉक्टरबाईंनी आज निर्वाणीचे सांगितले होते, "संध्याकाळपर्यंत दोष सापडला नाही, तर हे काम मला बाहेरच्या कंपनीकडे द्यावं लागेल."

म्हणजे मावशीची नोकरी गेलीच!

दादा मोबाइलवर वाकला. "अरेच्चा! एकाच नावाची दोन वायफाय! एकाला पासवर्ड आहे, दुसरं सताड उघडं. आईने असं ठेवणं शक्यच नाही!"

"मग आत शिरून बघू या की, कुणाचं आहे ते!" भुंगा म्हणाला.

शंकालाही मोह झाला. मावशीचा सकाळचा उतरलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. तरी तिने मान हलवली. "आधी परवानगी! पहिल्याच धड्यात काय वाचलंस?"

"पहिला धडा मी डुलक्या काढत वाचला."

"तरीच!"

तिघे थेट डॉक्टरबाईंसमोर उभे राहिले. सगळे ऐकून बाईंनी चष्मा काढला. "शोधा. पण कशालाही जोडायचं नाही, कुणा रुग्णाची माहिती उघडायची नाही. कबूल?"

"कबूल!"

न जोडताही उघड्या वायफायच्या लहरींचा जोर मोबाइलवर दिसत होता. औषधांच्या खिडकीशी तो घटला, जिन्याखाली वाढला आणि भांडाराच्या दारात पूर्ण भरला. आत भांडारवाले काका मोबाइलवर सामना पाहण्यात दंग होते. चादरींच्या कपाटामागे एक छोटी पेटी हिरवे दिवे मिचकावत होती, आणि तिची तार थेट भिंतीतल्या नेटवर्कच्या खोबणीत गेली होती!

"काका, हे काय?"

"ते होय? घरचा जुना राउटर. इथे रेंजच येत नाही ना! नाव दवाखान्याचंच दिलं, म्हणजे कुणी विचारायला नको. पासवर्ड मात्र नाही हं. तो लक्षात कोण ठेवणार?"

दादाने कपाळावर हात मारला आणि धावत जाऊन आईला आणले. पेटी पाहताच मावशी म्हणाली, "अगं बाई! प्रत्येक संगणक नेटवर्ककडे पत्ता मागतो. आपलं मुख्य यंत्र खरा पत्ता देतं, आणि ही पेटी मध्येच खोटे पत्ते वाटत बसते! खोटा पत्ता मिळाला की संगणकाला अहवाल सापडतच नाहीत. शिवाय रस्त्यावरचा कुणीही हिच्यातून थेट आपल्या संगणकांपर्यंत पोचू शकतो. पण मी रोज तपासत होते, सगळं सुरळीत असायचं!"

"कधी तपासायचीस?" शंकाने विचारले.

"दवाखाना बंद झाल्यावर. रुग्णांचा खोळंबा नको म्हणून."

शंका काकांकडे वळली. "तुम्ही घरी जाताना ही पेटी बंद करता?"

"म्हणजे काय!" काकांची छाती फुगली. "एकूण एक बटण बंद केल्याशिवाय मी कुलूप लावत नाही!"

 मावशीला हसू आवरेना. काकांच्या या शिस्तीनेच तिला आठवडाभर चकवले होते!

तिने तार उपटली आणि संगणक एकेक करून पुन्हा सुरू केले. तिघे श्वास रोखून उभे होते. तेवढ्यात अहवालांच्या खिडकीवरची परिचारिका ओरडली, "आले! अहवाल आले!"

डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या. "काका, उद्या सकाळी माझ्या खोलीत या. आणि मुलांनो, शोधलंत ते उत्तमच. पण त्याआधी मला विचारायला आलात, त्याचं मला जास्त कौतुक वाटतं." मग त्या मावशीला म्हणाल्या, "कंपनीला मी फोन करणार नाही. यापुढे मात्र तपासणी भर कामात करा. खोळंब्याची बोलणी मी खाईन."

 मावशीने भिंतीला पाठ टेकली आणि सावकाश फरशीवरच बसली. शंका शेजारी बसताच मावशीने तिच्या खांद्यावर डोके टेकले.

"पण मग मी सामना पाहायचा कुठे?" काकांनी हळूच विचारले.

"घरी!" चौघांनी एका सुरात उत्तर दिले.