खळ वाळेपर्यंत

नकाशांचं भलंमोठं पुस्तक वरच्या फळीवरून निसटलं आणि मधोमध फाटलं. अर्धं तिच्या हातात आलं, उरलेलं एका उंच मुलाच्या पायावर पडलं.

"पाय गेला माझा!"

"पाय बरा होईल. पुस्तकाचा कणा मोडला त्याचं काय?"

"डॉक्टर होणार आहेस वाटतं... पुस्तकांची?"

ती नववीत होती, तो दहावीत. दोघंही शाळेच्या ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून त्याच आठवड्यात लागलेले. ग्रंथपाल बाईंनी दोघांनाही झापलं. "मोडलंत ना? आता जोडा."

खळ लावलेलं पुस्तक दाबून धरायला मागच्या खोलीत लोखंडी शिकंजा होता. तो आणायला मुलगा गेला आणि हात हलवत परत आला. "बाई, शिकंज्याचा दांडा नाहीये. पिळणार कशाने?"

"मग हातांनी दाबा. खळ वाळेपर्यंत सोडायचं नाही."

दोघं समोरासमोर बसले. पुस्तक मोठं, पण कणा एवढासा. त्याची बोटं तिच्या बोटांवर आली, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. त्याने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं — आणि तिची अशी तारांबळ उडाली की तिने तोंडाला येईल ते ठोकून दिलं.

"बोलू नकोस! बोललं की हात हलतो, कणा वाकडा वाळतो."

त्याने निमूटपणे तोंड मिटलं.

थाप एकदा खपली की तिचा नियम होतो. पुढच्या वर्षीच्या स्वयंसेवकांना तो शिकवला गेला, त्यांनी त्यांच्या मागच्यांना शिकवला, आणि शेवटी बाईंनी तो पुठ्ठ्यावर रंगवून भिंतीवर टांगला — 'खळ वाळेपर्यंत बोलू नये.' त्या पुठ्ठ्याखाली वर्षं गेली. लहान वर्गांना गोष्टी वाचून दाखवायचे तास झाले, पुठ्ठ्याच्या बाहुल्यांची नाटकं झाली, कपाटं झटकून शिंकायचे आठवडे झाले. मुलं येत, मोठी होत, जात. ही दोघं मात्र शाळा सुटल्यावरही दर शनिवारी दुपारी येत राहिली. ती औषधांच्या दुकानात लागली होती. त्याला शाळेत सगळे शिडी म्हणत, कारण वरच्या फळीला त्याचाच हात पुरे. तो नेमका लिफ्ट दुरुस्त करायला लागला.

"शिडीची लिफ्ट झाली," बाई म्हणत. "अरे, एवढ्या लिफ्ट चालवतोस, एक दांडा बनवता येत नाही?"

"बनवतो, बाई... वेळच मिळत नाही."

आणि ती दोघं फाटकं पुस्तक घेऊन बसत. आठवडाभर गोळ्यांची पाकिटं उचलताना तिची बोटं शनिवारची वाट बघत. तो तिच्याकडे बघे, ओठ हलल्यासारखे होत... आज बोलेल, तिला वाटे. खळ वाळे. पोरं "ताई, हे! दादा, ते!" करत अंगावर येत. शनिवार संपे.

मग शाळेने ग्रंथालय बंद करायचं ठरवलं. खोलीत संगणक येणार होते, पुस्तकं खोक्यांतून दुसरीकडे जाणार होती. शेवटच्या शनिवारी ती मनाशी ठरवूनच आली — आज हा बोलला नाही तर मी बोलेन. बसायला पुन्हा जागा कुठे मिळणार?

सातवीतली एक स्वयंसेवक मुलगी स्टुलावर स्टूल ठेवून सर्वांत उंच कपाटाचा माथा झाडत होती.

"ताई, हे बघ काय सापडलं!"

धुळीने माखलेला लोखंडी दांडा होता. तिने आधी दांड्याकडे पाहिलं, मग कपाटाच्या माथ्याकडे. तिथे एकाच माणसाचा हात पोचत होता. तो कानापर्यंत लाल झाला.

बाईंनी गालातल्या गालात हसून पोरांना खोकी घेऊन बाहेर पिटाळलं.

"पहिल्याच दिवशी लपवलास?" तिने विचारलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"त्याच्याही आधी तू मला आवडत होतीस. तू खिडकीपाशी वाचत बसायचीस... म्हणून तर नाव दिलं मी इथे."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बोलणारच होतो. तूच गप्प केलंस."

"कणा वाकडा होईल म्हणून!"

"बोलल्याने कणा वाकत नाही, हे तुला माहीतच असणार. मला वाटलं, कणा हे निमित्त. तुला ऐकायचंच नाहीये — हे सांगायची तुझी ही बरी रीत." तो थांबला. "तरी येत राहिलो. हात तरी धरता येत होता."

तिचं हसू मावळलं. तो दांडा हातात फिरवत होता, तिच्याकडे बघत नव्हता.

"काय झालं?"

"माझं लग्न ठरलंय. आज तेच सांगायला आलो होतो. मागच्या रविवारी हो म्हणालो." मग हळूच म्हणाला, "चांगली आहे ती... तिने काय वाईट केलंय माझं?"

लग्न मोड म्हणावं, असं तिच्या जिभेवर आलं. पण जी मुलगी कुठेतरी रविवारपासून आनंदात असेल तिच्या जागी तिला ती स्वतःच दिसली, आणि तिने ते गिळलं.

टेबलावर ते नकाशांचं पुस्तक पडलं होतं. खोक्यात भरताना पुन्हा उसवलं होतं. तिने खळ लावली. त्याने दांडा शिकंज्याकडे नेला, तशी ती म्हणाली, "असू दे. हातांनीच."

दोघं समोरासमोर बसले. बोटांवर बोटं आली.

"बोल," ती म्हणाली. "तेव्हा काय म्हणणार होतास?"

तो बोलला. पहिल्या दिवसापासूनचं सगळं बोलला, तीही बोलली. मध्ये दोघं हसली, मध्ये तिच्या डोळ्यांतलं पाणी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पडलं, हात कितीदा तरी हलले.

खळ वाळली. त्याने हात काढून घेतले आणि खोकं उचलून तो बाहेर गेला.

तिने पुस्तक उजेडात धरलं. कणा अगदी सरळ होता.